पत्रे वाचायला आलेली पाहुणी

२०१९ च्या जानेवारीतली गोष्ट. पुण्याहून आलेल्या लोकलमधून तळेगाव स्टेशनवर एक मुलगी उतरली. वय पंचविशीचे, पाठीवर तिच्याहून मोठी सॅक, पायांत ट्रेकिंगचे बूट. तिला घ्यायला मी गेले होते. इस्रायलमधल्या अश्दोद शहरातून येणारी, म्हणजे गोरीपान आणि पिंगट केसांची असेल असे मी मनाशी धरून चालले होते. समोर येऊन उभी राहिली ती पेण-अलिबागच्या बाजारात सहज खपून जाईल अशी सावळी, तरतरीत पोर. रिक्षावाल्यानेही तिला बेलाशक मराठीतच विचारले, "कुठं, गावात का स्टेशनात?" ती नुसती हसली आणि माझ्याकडे पाहू लागली. तिला मराठी येत नव्हते.

घरी आल्यावर तिने सॅकमधून पहिल्यांदा काय काढले असेल, तर सुती नाडीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा. निळी एरोग्राम, काही लिफाफे, एकदोन पोस्टकार्डे. तो तिने माझ्या आईच्या हातात दिला. आई तेव्हा ऐंशीची. तिने चष्मा लावला, वरचे पत्र उलगडले आणि म्हणाली, "अगं, हे माझंच अक्षर!"

१९६० च्या दशकात माझे वडील तळेगाव स्टेशनवर बुकिंग क्लार्क होते. रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून एक बेने इस्रायल कुटुंब राहत असे. काका असिस्टंट स्टेशनमास्तर. बाईंना आम्ही मुले मावशी म्हणायचो, आई त्यांना वहिनी म्हणायची. नऊवारी नेसलेली त्यांची सासू कधीमधी पेणहून येऊन राही. आम्हा मुलांच्या लेखी त्या घराचे वेगळेपण इतकेच होते की शुक्रवारी दिवेलागणीला मावशी काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर खोबरेल तेल आणि तेलात तरंगती वात असा दिवा लावत, आणि शनिवारी दिवसभर स्टोव्हला हात लावत नसत. शनिवारी संध्याकाळी अंधारले की मी जाऊन त्यांच्या खोलीतले बटण दाबून यायचे. हे काम माझे आहे, याचा मला केवढा अभिमान होता! दाराच्या उजव्या चौकटीला एक नळकांडी तिरकी ठोकलेली असे. आत-बाहेर करताना मावशी तिला बोटे लावून ती ओठांना लावत. कितीतरी वर्षे मला ते रेल्वेनेच बसवलेले काहीतरी आहे असे वाटत होते. आत तोरातली वचने लिहिलेला चर्मपत्राचा तुकडा असतो आणि त्याला मझुझा म्हणतात, हे फार उशिरा कळले.

१९६९ मध्ये ते कुटुंब इस्रायलला गेले. मावशी आणि आई एकमेकींना पत्रे लिहीत राहिल्या. मग टेलिफोन स्वस्त झाला, पत्रे विरळ झाली, आणि २०११ मध्ये मावशी गेल्या. त्यांच्या कपाटात हा गठ्ठा सापडला. मावशींचा मुलगा, म्हणजे या मुलीचे वडील, तिकडे गेला तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याला मराठी कळते, थोडेफार बोलता येते, पण वाचता येत नाही. घरातल्या कोणालाच वाचता येत नाही. आजीला कोणीतरी तीस वर्षे पत्रे लिहीत होते आणि त्यांत काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही, ही गोष्ट या नातीच्या मनाला लागून राहिली. लष्करातली सेवा संपवून शिक्षण झाल्यावर तिकडची मुले भटकायला भारतात येतातच. बहुतेक हिमाचलला किंवा गोव्याला जातात. ही तळेगावला आली.

पुढे जाण्याआधी ही माणसे कोण, ते थोडे सांगायला हवे. तरुण वाचकांना बेने इस्रायल हा शब्दही कदाचित नवा असेल. जुन्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ नवगाव आहे. तिथल्या किनाऱ्यापाशी आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि त्यांचा हा सारा वंश, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. नक्की केव्हा, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. समाजाची श्रद्धा मात्र दोन हजार वर्षांची आहे. पोथ्या समुद्रात गेल्या, हिब्रू भाषा विसरली. राहिले काय? शनिवारचा विसावा, मुलग्यांची सुंता, खाण्यापिण्यातले काही निर्बंध आणि 'शमा' या प्रार्थनेचे सुरुवातीचे शब्द. घाण्यावर तेल काढायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. गावावरून आडनावे पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, झिराडकर, चेऊलकर. आपल्या तळेगावच्या दाभाड्यांकडे शाहू महाराजांचे सेनापतिपद होते तसे कुलाब्याच्या आंग्र्यांकडे सरखेलपद होते, आणि आंग्र्यांच्या चाकरीत बेने इस्रायलही होते. पुढे इंग्रजी अमदानीत ही मंडळी पलटणीत, रेल्वेत, पोस्टात, दवाखान्यांत आणि शाळांत शिरली. समाजी हसाजी दिवेकर हे असेच पलटणीतले अधिकारी. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. सिनेगॉगला बेने इस्रायल आपल्या मराठीत 'मशीद'च म्हणत. त्यांच्या मशिदीत मुकादम असे, चौगुला असे. हे शब्द कुठल्या गावगाड्यातून आले ते मराठी वाचकाला सांगायला नको.

मला सगळ्यांत मौज वाटते ती त्यांच्या सणांच्या जुन्या नावांची. हिब्रू नावे परत शिकण्याआधी या लोकांनी आपले पंचांग मराठीत जपले होते. वर्षारंभाचा तो 'नव्याचा सण'. पाठोपाठ 'खिरीचा सण'. दारे लावून घरात बसायचे, कडकडीत उपास करायचा, तो 'दारफळणीचा सण' म्हणजे योम किप्पूर. त्याच्या दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस पाळायचा आणि उपास सोडायचा तो वालाच्या बिरड्यावर, म्हणून तो 'बिरड्याचा सण'! मंदिर पडले तिकडे, हजारो मैलांवर आणि शेकडो वर्षांपूर्वी. त्याची आठवण कोकणातल्या केळीच्या पानावर वालाच्या रूपाने शिल्लक राहिली. पूरिम हा सण आपल्या शिमग्याच्या सुमारास येतो, म्हणून त्याला 'होळीचा सण'च म्हणून टाकले. ही सारी नावे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाच्या इतिहासात नोंदवून ठेवली आहेत. तो ग्रंथ त्यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केला आणि छापला गेला तो १९३७ मध्ये, तेल अवीवला. माणूस इकडे, पुस्तक तिकडे, हा त्या समाजाचा प्रवास त्या ग्रंथानेही केला.

स्वयंपाकघरातही तोच प्रकार. ज्यू धर्मात मांस आणि दूधदुभते एकत्र चालत नाही. म्हणून मटणाच्या रश्शात दही पडायचे नाही; त्याऐवजी नारळाचे दूध. कोकणात नारळाला काय तोटा! नव्या वर्षाला चिकाचा हलवा, तोही नारळाच्या दुधातला. द्राक्षाचा दारू-रस मिळेना तेव्हा मनुका भिजवून त्यांचे सरबत. ज्याला खवले आणि पर नाहीत तो जलचर वर्ज्य, म्हणजे कोळंबी नाही, खेकडा नाही, तिसऱ्या नाहीत. अष्टागरात राहून कोळंबी न खाणे! व्रतस्थ म्हणावे ते याला.

आईने पत्रे वाचायला सुरुवात केली. ती मोठ्याने वाची, मी इंग्रजीत सांगे, आणि पाहुणी टेबलावर फोन ठेवून दोघींचे बोलणे टिपून घेई. गठ्ठ्यात आईची पत्रे होती, पण आमच्याही ट्रंकेत मावशींची पत्रे होतीच. मग तारखा लावून जोड्या जमवल्या. पहिल्या दिवशी तिला वाटत होते की यांत काही मोठी गुपिते निघतील. निघाले काय? "कोकम संपले. इकडे आंबटाला लिंबू आहे पण ती चव नाही." "धाकट्याला गोवर निघाला होता." "तुमच्या अंगणातला कढीपत्ता आहे का?" "इकडे पाव फार, भाकरीला पीठ नाही." असे पानांमागून पाने. आई मधेच थांबून हसे आणि मला म्हणे, "हे तिला नको सांगू." मी सांगत असे.

एका पत्राशी मात्र आईचा आवाज अडला. मावशींनी लिहिले होते की इकडे येईपर्यंत आपल्याला कुणी 'तुम्ही नक्की ज्यू का?' असे विचारले नव्हते. इकडे विचारतात.

त्यामागचा इतिहास असा. १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र झाले आणि बेने इस्रायल तिकडे जाऊ लागले. त्यांना इथून कुणी हाकलले नव्हते. ज्यू म्हणून भारतात आपला छळ कधी झाला नाही, हे ते आजही आवर्जून सांगतात. ती ओढ धर्माची होती, थोडी पुढच्या पिढीच्या भवितव्याचीही. तिकडे वाट्याला आले ते वाळवंटाच्या कडेचे बीरशेबा, दिमोना, येरुहाम, नाहीतर लोद, रामले, अश्दोद. घरांवरून, कामावरून, अंगाच्या रंगावरूनही कटकटी झाल्या. १९५१ मध्ये काही कुटुंबे 'आम्हाला परत भारतात पाठवा' म्हणून धरणे धरून बसली आणि खरोखरच परतली. नंतर त्यांतली बरीचशी पुन्हा तिकडे गेली. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढले की बेने इस्रायलचे इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची मागपर्यंत चौकशी व्हावी. समाज रस्त्यावर उतरला, जेरुसलेमला धरणी धरली. अखेर १९६४ मध्ये तिथल्या संसदेत, क्नेसेटमध्ये, हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत अशी ग्वाही द्यावी लागली आणि धर्मपीठालाही नमते घ्यावे लागले. मावशी गेल्या त्या यानंतर पाच वर्षांनी. तरी कचेरीत, शाळेत, शेजारी तो प्रश्न उरला होताच.

आता विचार करा, ज्याला आपण खरे कोण हे सिद्ध करावे लागते आहे, तो आपले वेगळेपण मिरवील का? मावशींनी मुलांशी घरात हिब्रूच बोलायचा नियम केला. स्वतःला ती भाषा धड येत नसताना. पत्रात त्यांनी लिहिले होते, "मी मोडके बोलते, मुले हसतात, पण ती तरी शाळेत हसू होणार नाहीत." हे वाचले तेव्हा नात काही बोलली नाही. बराच वेळ ती फोनच्या पडद्याकडे पाहत राहिली. आपल्या घरात मराठी का नाही, याचे उत्तर तिला आमच्या ट्रंकेतल्या कागदावर सापडले होते. तिचा समज होता, आजीने आळस केला.

आणि तरीही सारे पुसले गेले नाही. भारतातून गेलेल्या ज्यूंची संख्या आता पिढ्या धरून सुमारे ८५ हजार आहे, असा आपल्या दूतावासाचा अंदाज आहे, आणि त्यांत मोठा वाटा बेने इस्रायलचा. उलट २०११ च्या जनगणनेत भारतभर मिळून ४,६५० ज्यू नोंदले गेले, त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. म्हणजे मराठी मुळाची ज्यू घरे आता इथे कमी आणि तिथे जास्त. तिथे गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकात, पोटापाण्याची भ्रांत मिटल्यावर आणि सिद्ध करायचे ते सिद्ध झाल्यावर, लोकांना आपली मराठी आठवू लागली. लोदमधून 'मायबोली' नावाचे मराठी त्रैमासिक निघू लागले. कवी नोहा मस्सील यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. देवनागरीत छापलेले, मराठी कविता-कथांचे नियतकालिक इस्रायलमधून निघावे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. १ मे रोजी तिकडे महाराष्ट्र दिन साजरा होतो. बायका नऊवारी नेसून येतात, गाणी होतात, नाच होतात. क्रिकेटची बॅट त्या देशात जपणाऱ्यांत हे लोकही आहेत.

कीर्तनही गेले. हे वाचून चमकाल, पण १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायल मंडळींनी मराठी कीर्तने रचायला आणि करायला सुरुवात केली होती. आख्यान अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे आणि बाज आपल्या हरिदासी कीर्तनाचा, साक्या-दिंड्यांसकट. हिब्रू न कळणाऱ्या बायाबापड्यांपर्यंत धर्मकथा पोचवायची तर दुसरे साधन कोणते असणार? तिकडे गेल्यावरही म्हाताऱ्या बायांनी ही कीर्तने म्हणत ठेवली.

आमची पाहुणी १ मेच्या समारंभांना लहानपणी गेली होती. "तिथे भाषणे फार असतात," ती म्हणाली. मी म्हटले, इकडेही असतात. तिला त्यातले आठवत होते ते काकूंनी दिलेले खाणे आणि केसांत माळलेला गजरा. माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीबद्दल त्याची मुले अगदी हेच सांगतात. मी पूर्वी या असल्या वार्षिक सोहळ्यांना नाक मुरडायचे. आता तितकी मुरडत नाही. गजरा आठवतो तर आठवू दे. पण वर्षातून एकदा हॉल भाड्याने घेऊन जपता येते ते थोडेच, आणि ते हॉल घेणारी माणसे थकली की संपते, हेही खरे आहे.

टिकले ते कशाने? मलिद्याने. आपल्याकडे मलिदा हा शब्द वर्तमानपत्रात आता फक्त भ्रष्टाचाराच्या बातमीत वाचायला मिळतो, ही आपली अवनती. बेने इस्रायलचा मलिदा म्हणजे एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नावाने केलेला प्रसाद: भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वेलची, मनुका आणि भोवती फळे. नवस फेडायचा असो, लग्न ठरो, नवे घर होवो, मूल लष्करातून सुखरूप घरी येवो, मलिदा होतोच. हे जगातल्या दुसऱ्या कुठल्याही ज्यूंना ठाऊक नाही; हे खास कोकणातले. संदेष्टा एलियाहू आपल्या पूर्वजांना दिसला आणि त्याच्या घोड्याच्या टापेची खूण खडकावर उमटली, अशी समाजाची श्रद्धा आहे. ती जागा आहे खंडाळ्याला. आपला घाटातला खंडाळा नव्हे; अलिबागजवळचे खंडाळे. 'एलियाहू हनाबीचा टापा' म्हणतात त्याला, आणि इस्रायलहून येणारी कुटुंबे अजून तिथे नवस बोलायला जातात. आमची पाहुणी वाट चुकून आधी लोणावळ्याच्या पुढच्या स्टेशनावर उतरणार होती, ते मी फोनवरच थांबवले!

मलिद्याचा मोठा दिवस म्हणजे शबात महिन्याची पौर्णिमा, झाडांचे नवे वर्ष. त्या वर्षी तो सोमवारी, २१ जानेवारीला आला होता. तिने तारीख सांगितली तशी आईने कालनिर्णय पाहिले आणि म्हणाली, "अगं, त्या दिवशी शाकंभरी पौर्णिमा!" दोन्ही पंचांगे चांद्र, दोघांनाही अधिक महिना लागतो, तेव्हा पौर्णिमेला पौर्णिमा मिळणार यात नवल नाही. तरी आमच्या घरी साठ भाज्यांच्या देवीची पूजा आणि त्यांच्या घरी फळझाडांचा सण एका दिवशी, याचे त्या दोघींना केवढे अप्रूप! "क्वार्टर्समध्ये असताना वहिनींकडून भिंतीवरून ताट यायचं ते याच दिवसांत," आई म्हणाली. "मला वाटे, त्यांची संक्रांत उशिरा येते."

मग मलिदा आमच्याकडेच करायचा ठरला. आई पाटावर बसून सांगते आहे आणि पाहुणी वहीत लिहून घेते आहे, असे सकाळभर चालले. मी वहीत डोकावले. लिहीत होती मराठी, पण हिब्रू अक्षरांत, उजवीकडून डावीकडे. हिब्रूत 'ळ' नाही, 'ट' आणि 'त' यांचा आपल्यासारखा भेदही नाही. त्यामुळे वाचून दाखवले तेव्हा गूळ झाला 'गूल', केळी झाली 'केली', नारळ झाला 'नारल'. आईने तिला 'ळ' शिकवायला घेतला. जीभ मागे वळव, टाळूला लाव, सोड. वीस-पंचवीस वेळा झाले. घरभर हशा. जमला एकदाचा 'गूळ', पण पुन्हा म्हणायला सांगितल्यावर निसटला. यात हसण्यासारखे आहे तसे नाहीही. न्यू जर्सीतला माझा भाचा 'गूल'च म्हणतो, आणि आमच्या सोसायटीतली, इथेच वाढलेली काही मुलेसुद्धा.

ताट तयार झाल्यावर ती जरा घुटमळली. हे नुसते गोड पोहे झाले, म्हणाली. खरा मलिदा प्रार्थनेशिवाय नाही. तिने फोनवर वडिलांना लावले. पलीकडून एक जाडसर पुरुषी आवाज हिब्रू गीत म्हणू लागला आणि ही इकडे हलकेच साथ देऊ लागली. ते संपल्यावर तोच आवाज मराठीत म्हणाला, "काकू, जेवलात का?" पन्नास वर्षांनी. आईला उत्तर द्यायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी लोकलने आम्ही पुण्याला गेलो. रास्ता पेठेतले सुक्कथ शेलोमो हे बेने इस्रायलचे प्रार्थनामंदिर १९२१ चे. तळेगावात असताना काका-मावशी सणासुदीला तिथेच जात. कॅम्पातले लाल देऊळ पुणेकरांना माहीत असते. ते डेव्हिड ससून यांनी बांधवलेले, बगदादी ज्यूंचे, १८६७ चे. रास्ता पेठेतले बहुतेकांना माहीत नसते. पुण्याचा आणखी एक मान आहे. १८७४ मध्ये इथल्या विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचायची पोथी, हग्गादा, हिब्रू आणि मराठीत सचित्र छापली गेली. तिच्यातल्या एका चित्रात देशी पोशाखातल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दाखवल्या आहेत, आपल्याकडे चुलीपुढे बसतात तशा. त्या चित्राची प्रत पाहुणीच्या फोनमध्ये होती. तिकडे कुणीतरी ती सणाच्या शुभेच्छा म्हणून सगळ्यांना पाठवली होती. चित्रातल्या बायकांच्या तोंडी कोणती भाषा असेल, हे मात्र शुभेच्छा पाठवणाऱ्याच्या बहुधा ध्यानात आले नसावे.

क्वार्टर्स पाहायची तिची फार इच्छा होती. ती आता नाहीत. त्या जागी दुचाकी लावतात. मी अंदाजाने जागा दाखवली, तिने फोटो काढला. मझुझा कुठल्या बाजूला होती, एवढेच तिने विचारले.

जाताना पत्रे तिने नेली नाहीत. म्हणजे मूळ पत्रे नेली, पण आईच्या आवाजातल्या वाचनाची फोनमधली नोंद हीच आपली खरी पत्रे, असे म्हणाली. बारा तासांच्या वर भरले होते. घरी सगळे मिळून शुक्रवारी जेवणानंतर थोडे थोडे ऐकतात, असे तिने नंतर कळवले. शनिवारी यंत्राला हात लावायचा नाही हे मावशींचे व्रत त्या घरात आता कुणी पाळत नाही, हेही त्यावरून कळले. आईने त्यावर काहीच मत दिले नाही. वडील शब्द सांगतात, मुले विचारतात. 'गोवर' म्हणजे काय यावर एक संध्याकाळ गेली म्हणे.

२०२२ मध्ये तिचे लग्न ठरले. नवरा मुलगा मोरोक्कन घराण्यातला. मेंदी त्यांच्यातही लागते, त्यामुळे त्या बाबतीत वाद नव्हता. पण हिने निरोप पाठवला की मेंदीच्या दिवशी हातात हिरवा चुडा हवा, काचेचा, आणि तो तळेगावचा हवा. आईने मला गावातल्या कासाराकडे पिटाळले. मापाचा प्रश्न आला तेव्हा तिकडून हाताचा कागदावर काढलेला आकार फोनवर आला. कासाराने तो पाहून मान हलवली आणि आईला तिचा हात कसा होता ते विचारले. आईने स्वतःचे मनगट पुढे केले, "याहून जरासा बारीक." त्यावर त्याने बांगड्या काढल्या. दोन्ही हातांच्या मिळून तीन डझन, वर सहा जादा.

आता काच परदेशी पाठवायची कशी? कुरियरवाल्याने भुसा, थर्मोकोल असले पर्याय सुचवले. आईने पत्र्याचा डबा घेतला, तळाशी चार बोटे जाड पोहे ओतले, त्यांत बांगड्या रोवल्या आणि वरून पुन्हा पोहे, डबा हलवला तरी आवाज येणार नाही असे. "पोहे वाया जायचे नाहीत," ती म्हणाली. "मलिदा करील."

तीन फुटल्या. बाकी पोचल्या.